तालुक्यात नवं सीनियर कॉलेज काढायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी फोन सुरू होतात. “सर, आमच्याकडे बारावीपर्यंतच सोय आहे. सीनियर कॉलेज काढायचं म्हणतोय, काय करावं लागेल?” विचारणारी माणसं वेगवेगळी असतात. कधी हायस्कूल चालवणाऱ्या संस्थेचे सचिव, कधी सरपंच, कधी पुण्या-मुंबईत स्थिरावलेलं आणि गावासाठी काही करू पाहणारं कुणी. प्रश्न मात्र तेच असतात. प्राचार्यपदावरून निवृत्त झाल्यावर त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढली, ती ही. महाराष्ट्रातल्या अकृषी विद्यापीठांशी संलग्न कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांपुरतीच ती आहेत. अभियांत्रिकी, फार्मसी, विधी आणि बी.एड.ला वेगळ्या परिषदांची मान्यता लागते, त्यात मी इथं शिरलेलो नाही.

गावाला महाविद्यालयाची खरोखर गरज आहे, हे कसं ओळखायचं?

पंधरा-वीस किलोमीटरच्या पट्ट्यातल्या सगळ्या कनिष्ठ महाविद्यालयांत जा आणि गेल्या तीन वर्षांची बारावी उत्तीर्ण मुलांची यादी मागा. कोणत्या शाखेची किती मुलं, त्यांतली पुढं कुठं गेली, किती घरी बसली, हे नावनिशीवार लिहा. काम कंटाळवाणं आहे, पण अख्ख्या प्रस्तावात याच्याइतका मोलाचा कागद दुसरा नसतो.

मुलींची यादी वेगळी करा. बारावीपर्यंत ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, पुढं तो मिळत नाही. प्रात्यक्षिक संपायची वेळ आणि गावाकडं जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ जुळत नाही म्हणून विज्ञान सोडून कलेला आलेल्या मुली माझ्या वर्गात होत्या. त्यांपैकी काहींनी वर्षभरात कलाही सोडली. तुमच्या यादीत अशी पन्नास नावं निघाली तर महाविद्यालयाचा विचार जरूर करा. दहाच निघाली तर आधी आगारप्रमुखांकडं जाऊन एक जादा फेरी मागा, किंवा तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह उभं करायला हातभार लावा. त्या दहा मुलींचं काम त्यातून लवकर होईल.

आमदारांचं शिफारसपत्र आहे, ग्रामसभेचा ठरावही आहे. तेवढ्यावर अर्ज करता येईल?

नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १०७ प्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. कोणत्या तालुक्यात, कोणत्या ठिकाणी, कोणत्या शाखेचं महाविद्यालय हवं, हे त्यात लिहिलेलं असतं. आराखड्याला मंजुरी देतो महाराष्ट्र राज्य उच्च शिक्षण व विकास आयोग. त्याला बोलीत ‘माहेड’ म्हणतात आणि त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. सध्याचा आराखडा २०२४-२५ ते २०२८-२९ या वर्षांचा आहे.

तुमचं ठिकाण आराखड्यात नसेल तर नव्या महाविद्यालयाच्या अर्जाचा विचारच होत नाही. म्हणून जागा बघण्याआधी, देणगी गोळा करण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आराखडा उतरवून घ्या आणि आपला तालुका काढून बघा. ठिकाण नसेल तर पुढचा आराखडा तयार होताना आपलं म्हणणं मांडता येतं, आणि वर सांगितलेली नावनिशीवार यादी तिथंच कामी येते. आराखड्याच्या वेळी गप्प राहून नंतर मंत्रालयात खेटे घालणारी फार मंडळी मी पाहिली. त्यांची वर्षं फुकट गेली.

सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित यांत नेमका फरक काय?

सरकारी महाविद्यालय शासनच काढतं आणि चालवतं. प्राध्यापक शासकीय नोकर असतात. कोल्हापूरचं राजाराम महाविद्यालय किंवा मुंबईत जोगेश्वरीचं इस्माईल युसुफ ही त्यांतली जुनी नावं. पण महाराष्ट्रात कला, वाणिज्य, विज्ञानाची सरकारी महाविद्यालयं मोजकीच आहेत.

आपल्याकडं उच्च शिक्षण पसरलं ते संस्थांनी. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं फर्ग्युसन १८८५ चं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेनं १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेनं तेच केलं. जागा, इमारत आणि कारभार संस्थेचा, मंजूर पदांचा पगार शासनाचा, अशी रीत पुढं बसत गेली. तेच अनुदानित महाविद्यालय. पगार उच्च शिक्षण विभागाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयामार्फत होतो.

विनाअनुदानित महाविद्यालयाचा सगळा खर्च संस्थेचा. पगार, वीज, प्रयोगशाळेतली रसायनं, सगळंच.

मग आम्हाला अनुदान कधी मिळेल?

या प्रश्नाला मी गोड उत्तर देत नाही. नोव्हेंबर २००१ पासून नव्या महाविद्यालयांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावरच परवानगी देण्याचं शासनाचं धोरण आहे. त्याआधी परवानगी मिळालेल्या विनाअनुदानित महाविद्यालयांनाही अनुदानासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. तिथल्या प्राध्यापकांची ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली.

“आज ना उद्या शासन घेईल अंगावर” या भरवशावर महाविद्यालय काढू नका. परवानगीच्या पत्रात ‘कायम’ हा शब्द असतो. संस्थेच्या सभेत तो मोठ्यानं वाचून दाखवा आणि कार्यवृत्तात त्याची नोंद घ्या. नव्या नेमणुकांच्या वेळी उमेदवारालाही तो दाखवा. अनुदान येणार असं सांगून माणसाला अर्ध्या पगारावर राबवणं हा अन्याय आहे आणि तो मी जवळून पाहिलेला आहे.

माझं मत विचाराल तर हे धोरण बदलायला हवं. ज्या तालुक्यात एकही अनुदानित सीनियर कॉलेज नाही, तिथं निदान एकाला तरी पगाराचं अनुदान मिळालंच पाहिजे. ही मागणी जरूर लावून धरा, पण ती मान्य होईल असं धरून अंदाजपत्रक मांडू नका.

शासनाच्या पैशातून नवं महाविद्यालय उभं राहण्याचा दुसरा मार्ग आहे का?

आहे, पण तो संस्थेच्या हातातला नाही. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्रानं देशातल्या ३७४ शैक्षणिकदृष्ट्या मागास जिल्ह्यांत आदर्श पदवी महाविद्यालयं काढायची योजना आणली. जालना जिल्ह्यातलं घनसावंगी, बाबासाहेबांचं मूळ गाव असलेलं रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे आणि गडचिरोली इथली मॉडेल कॉलेजं त्या वाटेनं आली. अशा महाविद्यालयाचा कारभार विद्यापीठ स्वतः बघतं. गावाचं काम एवढंच की जागा द्यायची, रस्ता द्यायचा आणि मुलं पाठवायची.

तुमचा तालुका खरोखरच दुर्गम असेल तर संस्थेचं नाव बाजूला ठेवून विद्यापीठाच्या घटक महाविद्यालयाची मागणी करा. ‘आपलं’ कॉलेज होणार नाही म्हणून अनेकांचा उत्साह इथं मावळतो. मुलांना मात्र कमानीवर कुणाचं नाव आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

विनाअनुदानित महाविद्यालयालाही शासनाचे काही धागे जोडता येतात. पात्र विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या आणि शुल्काची भरपाई महाडीबीटी या शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवरून होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २(एफ) आणि १२(बी) यांखाली नोंद झाली की आयोगाच्या आणि केंद्राच्या योजनांसाठी दार किलकिलं होतं. यांपैकी कशातूनही नियमित पगार निघत नाही, हे लक्षात ठेवा.

खर्चाचा अंदाज कसा बांधायचा?

पगारापासून सुरुवात करा. इमारतीचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो, पगाराचा कुणी मांडत नाही.

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. महागाई भत्ता, घरभाडे यांचा हिशेब वेगळा. दहा प्राध्यापक धरले तर नुसतं मूळ वेतनच महिन्याला ५,७७,००० आणि वर्षाला ६९,२४,००० रुपये होतं. प्राचार्य, ग्रंथपाल, लेखनिक, प्रयोगशाळा परिचर आणि शिपाई यात धरलेले नाहीत. आता दुसरी बाजू. समजा ३०० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाकडून वर्षाला ८,००० रुपये शुल्क येतं. एकूण झाले २४ लाख. त्यातही शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर हातात पडेलच असं नाही.

मधली ही दरी कशानं भरणार, याचं लेखी उत्तर तयार नसेल तर पुढचं काही वाचू नका. साखर कारखाना, सूतगिरणी, बाजार समितीची देणगी, माजी विद्यार्थ्यांचा निधी, संस्थेच्या गाळ्यांचं भाडं, जे काही असेल ते किमान पाच वर्षांसाठी कागदावर आणा. एकदाच मिळणारी देणगी इमारतीत घाला. पगाराला दरवर्षी येणारा पैसाच लागतो.

व्यवहारात ही दरी भरली जाते ती तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या पोटाला चिमटा काढून. नेट-सेट या पात्रता परीक्षा झालेली, पीएच.डी. असलेली माणसं दोन-दोन कॉलेजांत मोटारसायकलवर धावत तास घेतात आणि सुट्टीच्या महिन्यांत रिकाम्या हातानं बसतात. नव्या महाविद्यालयाचा पाया असा घालू नये, असं मला कळकळीनं वाटतं. शाखा कमी काढा, पण जेवढ्या काढाल तेवढ्यांतल्या शिक्षकाला पूर्ण पगार द्या.

अर्ज कोण करू शकतो?

नोंदणीकृत संस्था. आपल्याकडं बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली दुहेरी नोंदलेल्या असतात. ना-नफा तत्त्वावरच्या कंपनीलाही अर्ज करता येतो.

प्रस्ताव अडतो तो बहुधा धर्मादाय कार्यालयातल्या जुन्या घोळामुळं. कार्यकारिणी बदलली, अध्यक्ष वारले, नवे निवडले गेले, पण फेरफार अहवाल मंजूरच झालेला नाही. मग परिशिष्ट एकच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या, उताऱ्यावर वीस वर्षांपूर्वीची नावं निघतात आणि सही कुणाची ग्राह्य धरायची हा पेच पडतो. अर्जाच्या वर्षभर आधी हे निस्तरून घ्या. लेखापरीक्षण अहवाल थकलेले असतील तर तेही पुरे करा. जागेच्या सातबाऱ्यावर संस्थेचं नाव आहे ना, जमीन अकृषिक झाली आहे ना, कर्जाचा बोजा नाही ना, हे तलाठ्याकडून आजच्या तारखेचा उतारा घेऊन बघा. गावच्या कुणा दानशूरानं तोंडी दिलेली जमीन पुढच्या पिढीत कोर्टात जाते.

अर्ज केल्यापासून पहिली तुकडी बसेपर्यंत किती काळ लागतो?

विद्यापीठ अधिनियमाच्या कलम १०९ मधलं मूळ वेळापत्रक असं आहे. इरादापत्रासाठीचा (अटी पुऱ्या केल्या तर परवानगीचा विचार करू, असं शासनाचं पत्र) अर्ज कुलसचिवांकडं सप्टेंबर अखेरपर्यंत. अधिष्ठाता मंडळ छाननी करतं, व्यवस्थापन परिषदेच्या मान्यतेनं तो ३० नोव्हेंबरपर्यंत शासनाकडं जातो. शासन योग्य वाटलेल्या संस्थांना ३१ जानेवारीपर्यंत इरादापत्र देतं. ते पुढच्या वर्षीच्या ३१ जानेवारीपर्यंत चालतं. त्या मुदतीत अटींची पूर्तता करून तसा अहवाल विद्यापीठाला द्यायचा, विद्यापीठ तपासून तो शासनाकडं पाठवतं आणि अंतिम परवानगी १५ जूनपर्यंत येते. त्यानंतर विद्यापीठाची प्रथम संलग्नता.

तारखा अधूनमधून पुढंमागं होतात, म्हणून त्या-त्या वर्षीचं विद्यापीठाचं परिपत्रकच प्रमाण माना. ऑगस्टपासून संकेतस्थळ रोज उघडत जा.

इरादापत्र म्हणजे परवानगी नाही. ते मिळालं की गावात फटाके वाजतात, फलक लागतो आणि प्रवेशही सुरू होतात. असं करू नका. संलग्नता मिळण्याआधी एकाही विद्यार्थ्याला प्रवेश देता येत नाही. दिलात तर त्या मुलाचं वर्ष बुडतं. चूक संस्थेची आणि शिक्षा त्याला.

विद्यापीठाची स्थानीय चौकशी समिती पाहणीला येते तेव्हा काय बघते?

वर्गखोल्या, ग्रंथालय, प्रयोगशाळा, मुलींची स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, अग्निसुरक्षा, अपंग विद्यार्थ्यांसाठी उतार, शिक्षकांच्या नेमणुकीची कागदपत्रं. शेजारच्या हायस्कूलची पुस्तकं एका दिवसापुरती कपाटात आणून मांडणाऱ्या संस्था असतात. समितीतल्या अनुभवी माणसाला पुस्तकावरचा शिक्का बघून ते लगेच कळतं. दाखलनोंद वहीत दोनशेच पुस्तकं असतील तर दोनशेच दाखवा आणि पुढच्या खरेदीचा ठराव जोडा.

पदवी आता चार वर्षांची झाली. मग चार वर्षांची तयारी पहिल्याच दिवशी लागते का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणेची रचना महाराष्ट्रात विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आली, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. विद्यार्थ्याला एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर पदवी आणि चौथ्या वर्षाअखेर ऑनर्स पदवी घेता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अभ्यासक्रम आराखड्यात तीन वर्षांना किमान १२० आणि चार वर्षांना किमान १६० श्रेयांक (क्रेडिट) आहेत.

तीन वर्षांपर्यंतचं शिकवणं नव्या महाविद्यालयाला झेपतं, पण त्यातही पूर्वीपेक्षा ओढाताण जास्त आहे. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले निवडक विषय, व्यवसाय कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, कार्यप्रशिक्षण, एवढं सगळं वेळापत्रकात बसवायचं असतं. चार शिक्षकांचं कला महाविद्यालय मुलांना खरी निवड देऊ शकत नाही. फलकावर पर्याय सहा दिसतात, शिकवला जातो एकच. जवळच्या महाविद्यालयाशी करार करून काही विषय वाटून घेतले तर मुलांना खरोखर निवड करता येते.

कार्यप्रशिक्षणासाठी शहराकडं बघत बसू नका. दूध संघ, पतसंस्था, ग्रामपंचायत कार्यालय, कृषी सेवा केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र ही सगळी ठिकाणं गावातच आहेत. पदवीच्या मुलीनं महिनाभर ग्रामपंचायतीचं दप्तर नीट वाचलं तर राज्यशास्त्राचं अर्धं पुस्तक तिला समजतं.

चौथ्या वर्षाचं गणित वेगळं आहे. संशोधनासह ऑनर्स घ्यायला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. आणि त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम शिक्षक हवेत. नव्या महाविद्यालयाला हे सुरुवातीलाच जमणार नाही. माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहा, आणि चौथं वर्ष जवळच्या कोणत्या महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या कोणत्या विभागात करता येईल तेही द्या. पालकांना सगळ्यात जास्त काळजी याचीच असते.

महाविद्यालयाचा कारभार कुणाच्या हाती असतो? संस्थेच्या की प्राचार्यांच्या?

पैसा, मालमत्ता आणि धोरण संस्थेच्या हाती. शिकवणं, परीक्षा, शिस्त आणि रोजचं प्रशासन प्राचार्यांच्या हाती. या दोघांना एका टेबलावर बसवणारी रचना म्हणजे कलम ९७ ची महाविद्यालय विकास समिती. १९९४ च्या कायद्यात हिच्या जागी स्थानिक व्यवस्थापन समिती होती, म्हणून जुनी माणसं अजून ‘एलएमसी’ म्हणतात.

समितीत संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात. संस्थेचे सचिव, प्राचार्यांनी नेमलेले एक विभागप्रमुख, पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले तीन शिक्षक (त्यांत किमान एक महिला), निवडून आलेला एक शिक्षकेतर कर्मचारी, शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य (त्यांत किमान एक माजी विद्यार्थी), अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव. प्राचार्य सदस्य-सचिव असतात. वर्षातून किमान चार बैठका व्हायलाच हव्यात. विकास आराखडा आणि वार्षिक अंदाजपत्रक हीच समिती तयार करून संस्थेपुढं ठेवते.

कायदा एवढा चांगला आहे, पण बऱ्याच ठिकाणी ही समिती सहीपुरती उरते. बैठक न घेताच नोंदवही घरोघर फिरते. मी एका महाविद्यालयात नवा असताना अशीच एक वही माझ्यापुढं आली होती. न झालेल्या बैठकीचं कार्यवृत्त, त्यात मी केलेलं अनुमोदनसुद्धा लिहिलेलं. मी सही केली. पुढच्या वर्षी त्याच कार्यवृत्ताच्या आधारे ग्रंथालयाचा निधी कुंपणाच्या भिंतीला वळवला गेला आणि मला बोलायला तोंड उरलं नाही. तेव्हापासून प्रत्येक नव्या शिक्षक-प्रतिनिधीला मी सांगत आलो: बैठकीची विषयपत्रिका आठ दिवस आधी लेखी मागा, आणि जिथं बसला नाहीत तिथं सही करू नका.

नव्या महाविद्यालयानं पहिल्या वर्षापासून चारही बैठकांच्या तारखा शैक्षणिक दिनदर्शिकेतच छापाव्यात. स्थानिक सदस्य निवडताना संस्थेचेच पाहुणेरावळे घेऊ नयेत. तालुक्यातली एखादी डॉक्टर, निवृत्त बँक अधिकारी, प्रगतिशील शेतकरी, मोठ्या गावात शिकवणारी माजी विद्यार्थिनी, अशी माणसं प्रश्न विचारतात. सुरुवातीला ते टोचतं, पण हिशेब सरळ राहतो.

प्राचार्य कुणाला नेमावं?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी., सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक पद, अध्यापन-संशोधनाचा किमान पंधरा वर्षांचा अनुभव आणि ठरलेले संशोधन गुण लागतात. मुदत पाच वर्षांची, मूल्यमापनानंतर आणखी एकदा मिळू शकते. निवड समितीत विद्यापीठाचे प्रतिनिधी असतात. ‘प्रभारी’ प्राचार्यांवर वर्षानुवर्षं ढकलत नेऊ नका. प्रभारी माणूस संस्थेला नाही म्हणू शकत नाही.

शिक्षक संस्थेनं परस्पर नेमले तर?

तर त्यांना विद्यापीठाची मान्यता मिळत नाही आणि संलग्नता चालू ठेवताना अडचण येते. जाहिरात, बिंदुनामावलीची (आरक्षणाप्रमाणे पदांच्या क्रमाची) तपासणी, कुलगुरूंच्या प्रतिनिधीसह निवड समिती, मग मान्यता, हा क्रम आहे. महाविद्यालय विनाअनुदानित असलं तरी तो सुटत नाही. सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे. १ जुलै २०२३ पासून सुरुवातीच्या नेमणुकीला पीएच.डी. सक्तीची नाही. आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, हा सहायक प्राध्यापकाचा कार्यभार. पदं मागताना आणि वाटून देताना तोच आकडा धरा.

प्रवेशाच्या वेळी देणगी घेता येईल का?

नाही. महाराष्ट्रात १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंध कायदा आहे आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. गावातल्या लोकांकडून संस्थेसाठी देणगी घ्यायला हरकत नाही, पण ती प्रवेशाशी जोडलेली नसावी आणि तिची पावती असावी.

माहिती अधिकार आम्हाला लागू होतो का?

शासनाचं भरीव अर्थसाहाय्य असलेल्या संस्थांना होतो. सर्वोच्च न्यायालयानं डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. विनाअनुदानित असाल तरी विद्यापीठाला दिलेली तुमची कागदपत्रं विद्यापीठाकडून कुणीही मागू शकतं. म्हणून जमाखर्च, शुल्क आणि शिक्षकांची यादी आपणच फलकावर लावावी. रॅगिंगविरोधी समिती आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती पहिल्या दिवसापासून हवी.

गोव्यात पद्धत वेगळी आहे का?

बरीच. तिथं साखळी, केपे, खांडोळा आणि पेडणे तालुक्यातलं विर्नोडा अशा आतल्या भागांत राज्य सरकारनं स्वतःची महाविद्यालयं काढली. विर्नोड्याच्या महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचं नाव आहे. राज्य लहान असल्यानं तिथं हे सोपं गेलं असं कुणी म्हणेल. तरीही तालुक्याच्या मुलामुलींसाठी सरकारनं स्वतः पुढं यावं, हा विचार महाराष्ट्रातल्या डोंगरी तालुक्यांनी उचलण्यासारखा आहे.

नॅकचं मूल्यांकन आणि स्वायत्तता कधी?

दोन तुकड्या पदवीधर झाल्या किंवा सहा वर्षं पूर्ण झाली की नॅकसाठी पात्रता येते. स्वायत्ततेला किमान दहा वर्षं. दोन्हींची घाई नको. पहिल्या वर्षापासून कागद तारीखवार लावत गेलात की नॅकच्या वेळी रात्री जागाव्या लागत नाहीत.

आणि चाललंच नाही तर? महाविद्यालय बंद करता येतं का?

येतं, पण कुलूप लावून नाही. विद्यापीठ आणि शासनाची परवानगी लागते. पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबवायचे आणि आत असलेल्या मुलांचं शिक्षण पुरं करायचं किंवा त्यांची सोय दुसरीकडं लावायची, असं टप्प्याटप्प्यानं ते होतं. कर्मचाऱ्यांची देणी द्यावी लागतात. दप्तराचं काय करायचं हे विद्यापीठाला विचारून लेखी ठरवून घ्या. प्रवेश नोंदवही, निकालपत्रकं, दाखल्यांची स्थळप्रत नीट बांधून, यादी करून द्या. आमच्या शेजारच्या तालुक्यात बंद पडलेल्या एका महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या अर्जासाठी दाखल्याची दुसरी प्रत शोधत माझ्याकडं आली होती. संस्थेच्या तेव्हाच्या सचिवांच्या घरी माळ्यावर पोत्यात ती नोंदवही सापडली. तिच्या नावाचं पान शाबूत होतं.